भेगाळलेली जमीन मुखपृष्ठावर नको

विदर्भातल्या खेड्यावरची कादंबरी म्हटली की मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन ठरलेलीच. पुण्याच्या वाचकाला त्यात दुष्काळ दिसतो, यवतमाळकडच्या दारव्ह्याच्या वाचकाला नुसता वैशाख. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते. चांगल्या पावसाच्या सालीही उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच. जमीन जितकी भारी, तितकी भेग रुंद.

घर आतून पोखरणाऱ्या कर्जाची गोष्ट असेल, तर डोमकळी घ्या. गुलाबी बोंडअळी लागलेलं कपाशीचं फूल उमलत नाही. पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात आणि अळी आत खात असते. ज्याला शेती ठाऊक नाही त्याला ती देखणी कळी वाटते; ज्यानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उपटली आहे त्याच्या पोटात गोळा येतो. मात्र फुलाचं चित्र रेखीव हवं, अळी दाखवायची नाही. दाखवली की कृषी खात्याची पत्रिका झाली! आणि गोष्ट झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली असेल तर कपाशीच नको. तिथं धानाची बांधी आहे, मोह आहे.

आता माती छापायची कशी? नुसता १०० टक्के काळा मोठ्या जागेवर फिका, राखाडी उतरतो. त्याखाली सायन (निळसर) ३०, मॅजेंटा (गुलाबी) ५०, पिवळा ५० टक्के द्या आणि काळा ९० वर आणा. ओल्या मातीची तपकिरी झाक येते. चार शायांची बेरीज २२० टक्के होते, शाई वाळायला अडचण नाही. पण अशा चार रंगी पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं ठेवू नका. छपाईची एखादी प्लेट केसभर सरकली तरी ‘ष’, ‘क्ष’ची पोटं भरतात. मलपृष्ठावरच्या मजकुराला फिकट पट्टा द्या. गडद रंगावर मॅट (बिनचमकीचं) लॅमिनेशन केलं तर नखाचे ओरखडे चमकतात, हेही आधीच धरून चाला.

शीर्षक दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. ओळींमधलं अंतर तिथं डोळ्यानंच ठरवायचं.

पुस्तकाच्या कण्याचं गणित सोपं, तरी सर्वांत जास्त तिथंच चुकतं. २४० पानं म्हणजे १२० कागद, कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल तर कणा १२ मिलिमीटर. साडेपाच बाय साडेआठ इंची पुस्तकाला मागची बाजू १४०, कणा १२, पुढची बाजू १४०, दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर कापाची जागा: सगळ्या वेष्टनाची रुंदी २९८ मिलिमीटर. शेवटच्या क्षणी लेखकानं १६ पानांचा फॉर्म वाढवला की कणा ०.८ मिलिमीटरनं फुगतो आणि मुखपृष्ठाचा रंग कण्यावर डोकावतो. म्हणून कण्याला वेगळा रंग देऊच नका, माती तशीच पुढून मागे वाहू द्या.

फाइल छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह्ज करा, म्हणजे फॉन्टऐवजी त्यांची आकृती करून टाका. नाहीतर त्यांच्या संगणकावर फॉन्ट बदलतो, जोडाक्षरं सुटतात आणि ‘पऱ्हाटी’चा ‘ऱ्हा’ ओळखू येत नाही.