उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह

नाशिक, गुरुवार, 29 मे 2025

परवा निवृत्ती. मी कॉलेजात खेळाचा शिक्षक, मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. आज दिवसभर जिमखान्यात चार्ज द्यायचं काम चाललं होतं. डेड स्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतली, एकेक नोंद वाचायची, शिपाई मामांनी कपाटातून ती वस्तू काढायची, नवीन सरांनी खूण करायची. यंदा मे महिन्यातच पाऊस लागून बसलाय. मैदानात पाणी साचलंय आणि खोलीभर ओल्या चामड्याचा वास. स्लगर, म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट, 9. कॅचरचे मास्क 2. चेस्ट गार्ड 2. बेसचा संच 1. ग्लोव्ह 14.

"सर, हा पंधरावा कुठला? आणि हा तर उलटा आहे."

उलटा नाही तो. डावखुऱ्या मुलीचा ग्लोव्ह आहे, उजव्या हातात घालायचा, म्हणजे फेकायला डावा मोकळा राहतो. पुढच्याच पानावर त्याची वेगळी नोंद आहे, 2001 सालची, माझ्याच अक्षरात. पंज्याजवळची वादी तुटलीय. नवीन सर म्हणाले, निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या, यादीत टाकू या. मी नको म्हणालो, आणि मग बराच वेळ कुणाशी काही बोललोच नाही.

1994 साली इथे लागलो तेव्हा माझा खेळ खो-खो. सॉफ्टबॉल मला पुस्तकातून येत होता. पहिल्या वर्षी डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखायला घेतला आणि फक्की मारून झाल्यावर बघतो तर चौकोन तिरका! बेस 60 फुटांवर बरोबर, पण कोपरे चुकलेले. मग एका जुन्या पंचांनी शिकवलं की होम प्लेटपासून, म्हणजे बॅटिंगच्या जागेपासून, समोरच्या कोपऱ्यातल्या सेकंड बेसपर्यंत टेप धर, कर्ण 84 फूट सव्वादहा इंच आला की डोळे मिटून फक्की मार. गेली 31 वर्षं दर जुलैत मी आधी तो कर्ण मोजतो. पिचरचं, म्हणजे बॉल टाकणारीचं, होम प्लेटपासूनचं अंतर मुलींसाठी तेव्हा 40 फूट होतं, नंतर 43 झालं. हे तीन फूट पिचरच्या खांद्याला काय पडतात ते तिलाच विचारावं.

पहिल्या दिवशी मुली हमखास विचारतात, "सर, सॉफ्ट म्हणजे बॉल मऊ असतो ना?" मी काही बोलत नाही, बॉल हातात देतो. 12 इंच घेराचा, चांगला वजनदार. दुसरी गंमत धावण्याची. गल्लीत भावांबरोबर क्रिकेट खेळलेली मुलगी बॉल मारते आणि स्लगर हातात घेऊनच पळत सुटते. हातातलं टाकून पळायचं हे अंगात मुरायला दोन आठवडे जातात. ते दोन आठवडे मला फार आवडायचे.

तर तो ग्लोव्ह.

2000 सालच्या संघात एक मुलगी होती, दिंडोरीच्या पहिल्या एसटीने यायची. डावखुरी. हात असा की आउटफिल्डमधून, बेसच्या पलीकडच्या मैदानातून, फेकलेला बॉल थेट होम प्लेटवर. आमच्याकडचे सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे. ती बॉल झेलायची, ग्लोव्ह काखेत दाबून हात बाहेर ओढायची, मग बॉल डाव्या हातात घेऊन फेकायची. तोवर रनर बेसवर जाऊन उभी. मी तिला सांगितलं, उजव्या हाताने फेकायला शीक. बॅटिंगही उजवीकडूनच कर. वेगळा ग्लोव्ह मागवायचा तर मागणीपत्र, तीन दरपत्रकं, खरेदी समिती, म्हणजे पुढचं वर्ष उजाडणार. त्यापेक्षा मुलीला बदलणं मला सोपं वाटलं.

ती चार महिने शिकत राहिली. सगळ्या गेल्यावर जिमखान्याच्या मागच्या भिंतीवर एकटीच उजव्या हाताने बॉल मारत असायची. भिंतीवरचे ते गोल डाग रंग देईपर्यंत होते.

झोनलला, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेत, सेमी फायनल, शेवटची इनिंग, आमचा एक रन जास्त, समोरच्यांच्या दोघी बेसवर, दोन आउट. बॉल सरपटत तिच्याकडे गेला. तिने तो स्वच्छ उचलला आणि मी शिकवलं होतं तसा उजव्या हाताने फेकला. फर्स्ट बेसच्या अलीकडे टप्पा पडून तो बाजूला गेला आणि दोघी होमवर आल्या, म्हणजे त्यांचे दोन रन. संपलं.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सर, डाव्याने टाकला असता तर पोचला असता." तक्रार नव्हती त्यात. पाऊस येईल असं वाटतंय म्हणावं, इतक्या साधेपणाने म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मागणीपत्र दिलं. "10 ग्लोव्ह असताना हा एक कशाला?" हे तीन वेळा समजावून सांगितलं. ग्लोव्ह आला तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. तिला फर्स्ट बेसवर उभं केलं. तिथे डावखुरी असणं फार सोयीचं, ग्लोव्हचा हात मैदानाकडे राहतो आणि फेकताना अंग वळवावं लागत नाही. बॅटिंगला डावीकडून उभं केलं, तिथून फर्स्ट बेस एक-दोन पावलं जवळ पडतो. 60 फुटांत ही पावलं म्हणजे सेफ आणि आउट यांतला फरक. बंट टाकून, म्हणजे बॉल बॅटने नुसता हळूच जवळ ढकलून, ती अशी सुटायची की कॅचरने मास्क काढेपर्यंत बेसवर. हे सगळं मला पुस्तकातून आधीच माहीत होतं. एक पूर्ण वर्ष मी तिला ते मिळू दिलं नाही.

चूक माझी होती, हे मी तिला कधी बोललो नाही. आता ती कुठे असते ते मला माहीत नाही.

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या दिवशी मी नव्या मुलींना रांगेत उभं करून दगड मारायला लावतो. कुठल्या हाताने लिहितेस असं विचारत नाही, कारण कितीतरी जणींचा हात घरात किंवा शाळेत लहानपणीच बदललेला असतो. पेन उजव्या हातात येतं, दगड मात्र डाव्याच हातात जातो. तशा सात सापडल्या. सातही जणी त्याच ग्लोव्हवर खेळल्या.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल प्रशिक्षक कॅरल हचिन्स 2022 मध्ये निवृत्त झाल्या, मिशिगनमध्ये 38 हंगाम आणि कारकिर्दीत एकूण 1707 विजय. ते वाचून मीही आपल्या जुन्या स्कोअरशीट काढून बसलो होतो. अर्ध्यात सोडून दिलं. तिकडे कॉलेजचा संघ एका हंगामात 50 च्या वर मॅच खेळतो. आमची झोनल बाद पद्धतीची, सकाळी हरलं की दुपारी एसटी स्टँडवर. काही मुलींचं अख्खं कॉलेज पाच-सहा मॅचमध्ये संपलं. त्यांच्या तीन वर्षांतल्या 500 सकाळी कुठल्या स्कोअरशीटवर येणार? मला त्या सकाळी आठवतात. नाशिकची डिसेंबरातली थंडी, दव पडलेलं गवत, बोटं आखडलेली, आणि पहिल्या झेलाचा ग्लोव्हमध्ये होणारा तो आवाज.

2008 च्या ऑगस्टमध्ये जपानची पिचर युकिको उएनो हिने बीजिंग ऑलिम्पिकला दोन दिवसांत 413 बॉल टाकून फायनलला अमेरिकेला हरवलं तेव्हा मी ग्राउंडवर पेढे वाटले होते. त्यानंतर खेळ ऑलिम्पिकमधून गेला, टोकियोत एकदा आला, पुन्हा गेला. आता 2028 ला लॉस एंजेलिसला परत येणार आहे. आमच्या मुलींना त्याने फरक पडला नाही म्हणणं खोटं ठरेल. "सर, ऑलिम्पिकमध्ये नाही तर कशाला खेळायचं?" हे आई-वडिलांच्या तोंडून मी खूप ऐकलं. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचा जीआर मी खिशात ठेवायचो, घरी जाऊन दाखवायचो. त्यावर पोलिसात लागलेली एक मुलगी काल फोनवर रडली. मीही.

संध्याकाळी घरी येताना मेन रोडच्या मोचीकडे ग्लोव्ह दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, "सर, वादी नवी घालतो, पण बाकीचं चामडंही जुनं झालंय." म्हटलं, तेल लावून मऊ कर, अजून चालेल. उद्या अकराला देतो म्हणालाय. रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात 'वापरात' लिहून सही करून आलोय. नवीन सरांना दगडांचंही सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.