काचेआडचं स्टेशन

आज ठाण्याला फास्ट लोकल डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत फोन चाळत होतो, तर फ्रान्समध्ये शिकणाऱ्या भाचीने स्ट्रासबर्ग स्टेशनचा फोटो धाडलेला. १८८३ची दगडी इमारत आणि तिच्यापुढे २००७मध्ये उभारलेलं काचेचं भलंमोठं वक्र आवरण. जुनं न पाडता नुसतं काचेआड घेतलंय. खाली प्रश्न, "मामा, ठाण्याला असं केलं तर?"

बाई गं, आपल्या उन्हात आत पापड भाजतील! शिवाय कबुतरं. काच पुसणार कोण?

पण मग आठवलं, १६ एप्रिल १८५३ला साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं बोरीबंदरहून १४ डबे ओढत ठाण्यालाच आली होती. त्या दिवसातलं काचेआड ठेवण्याजोगं इथे काय उरलंय, ते शोधत फलाटभर नजर फिरवली. वडापावच्या स्टॉलपाशी अडली.

तेवढ्यात फास्ट आली. भाचीला उत्तर द्यायचं राहिलंच.