कोल्ड फ्रेमचं झाकण: काच घ्यावी की प्लास्टिक?

कोल्ड फ्रेम म्हणजे थंडीत रोपं जपायची, वर उजेड आत सोडणारं झाकण असलेली जमिनीवरची पेटी. त्या झाकणावरून काचवाले आणि प्लास्टिकवाले यांचा वाद सुरू झाला की उजेड, ऊब, टिकाऊपणा सगळं निघतं, पण वजनाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते खरा निकाल तिथेच लागतो. ४ मिमी काच म्हणजे चौरस मीटरला साधारण १० किलो, त्यात लाकडी चौकट धरा अजून. तेवढ्याच मापाचं ४ मिमी ट्विनवॉल पॉलिकार्बोनेट (दोन पातळ थर आणि मधे पोकळ नळ्या असलेली प्लास्टिकची शीट) एक किलोच्याही आत बसतं.

आता हे झाकण काही एकदा बसवून विसरायची गोष्ट नाही ना. थंडीत सुद्धा ऊन पडलं की बंद पेटीतलं तापमान बघता बघता चढतं, आणि रोपं थंडीने कमी, कोंडलेल्या उष्णतेने आणि दमट हवेतल्या बुरशीने जास्त मरतात, म्हणून सकाळी झाकण वर करून खाली ठोकळा लावायचा आणि ऊन उतरायच्या आधी परत बंद करायचं, रोज. जड झाकण असलं की माणूस आज राहू दे म्हणतो, तेवढ्यात काम तमाम.

अर्थात हलकं असण्याचा उलटा त्रासही आहेच. जोराचा वारा आला की पॉलिकार्बोनेटचं झाकण पतंगासारखं उडतं, त्यामुळे मागे बिजागऱ्या आणि पुढे दोन्ही कोपऱ्यांना हुक हवेतच, उघडं ठेवताना पण अडकवून ठेवायचं. काच स्वतःच्या वजनानेच बसून राहते हा तिचा मोठा गुण.

उजेडाचं म्हणाल तर काच जवळपास ९० टक्के उजेड आत सोडते, ट्विनवॉल ८०च्या आसपास. पण ट्विनवॉलमधून उजेड पसरून येतो, त्याने कोवळी पानं करपायची भीती कमी. आणि खरं सांगू का, धूळ बसलेली काच आणि धुतलेलं प्लास्टिक यांची तुलना केली तर हा दहा टक्क्यांचा फरक कुठच्या कुठे जातो, त्यामुळे आधी फडकं हातात घ्या.

रात्रीच्या उबेचं जरा नीट बघू. एकेरी काचेतून जितकी उष्णता बाहेर जाते त्यापेक्षा ४ मिमी ट्विनवॉलमधून साधारण तिसरा हिस्सा कमी जाते, मधल्या अडकलेल्या हवेमुळे. सगळ्यात लंगडा पर्याय म्हणजे पातळ पॉलिथिन, ते जमिनीतून निघणारी उष्णतेची किरणं सरळ बाहेर सोडतं, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही खाली जाऊ शकतं. पण या सगळ्या हिशोबाच्या आधी झाकण आणि पेटी यांच्यातली फट बंद करा, बोटभर फट असेल तर वरती काहीही लावा, ऊब राहणार नाही.

पॉलिकार्बोनेट घेणार असाल तर बसवताना नीट बघा. शीटच्या एका बाजूला उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांपासून वाचवणारा थर असतो, तिकडच्या संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं, ती बाजू वरच यायला हवी, फिल्म काढायच्या आधीच मार्करने खूण करून ठेवा, नंतर दोन्ही बाजू डिट्टो सारख्या दिसतात. उलटी बसली तर शीट लवकर पिवळी पडते आणि ठिसूळ होते. नळ्या उताराच्या दिशेने, वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद, खालच्या तोंडाला बारीक छिद्रांची टेप म्हणजे आत साठलेलं पाणी निथळेल पण धूळ आणि किडे शिरणार नाहीत. हे नाही केलं तर नळ्यांमधे हिरवं शेवाळं चढतं आणि ते काढायला ब्रशसुद्धा जात नाही. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, कारण हे प्लास्टिक काचेच्या सातेकपट प्रसरण पावतं, एक मीटरची शीट ४० अंशाच्या फरकात अडीच मिमी तरी वाढते, घट्ट आवळली तर फुगते नाहीतर भोकापाशी तडकते.

ॲक्रिलिक दिसायला काचेसारखं झकास, उजेडही भरपूर, पण चरे पटकन पडतात आणि ड्रिल मारताना तडकतं, मला नाही पटत.

जुन्या खिडकीची तावदानं फुकट मिळत असतील तर मोह होणारच, होऊ दे, पण जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायला जाऊ नका. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर ती नंतर कापता येत नाही, म्हणून आधी काचेचं माप आणि मग त्यावरून पेटी. आणि घरात लहान मुलं असतील, किंवा फ्रेम जिथे चेंडू येऊन पडतो अशा जागी असेल, तर जमिनीलगत साधी काच नकोच. बाकी एका जागी कायमची, विटांची पेटी बांधणार असाल आणि झाकण उचलायला दणकट हात असतील तर खुशाल काच लावा, धुतली की परत नवी, आणि उन्हाने पिवळी पडायचा प्रश्नच नाही.