आज पीठ कोणतं?

१३ जानेवारी, भोगी

निफाडच्या कुंदेवाडीचा घसरलेला पारा रोज वर्तमानपत्रात झळकायला लागला की नाशिकमध्ये रात्रीच्या ताटात बाजरी येते. आज तर हवीच, "न खाई भोगी तो सदा रोगी" असं म्हणतातच. संध्याकाळी सातला बिल्डिंगचा जिना चढताना एरवी प्रत्येक मजल्यावर वेगळा वास असतो. कुठे लसणाची फोडणी, कुठे भाजलेलं खोबरं, कुठे नुसता वरणभाताचा कुकर. आज चारही मजल्यांवर भाजलेल्या तिळाचा एकच वास आहे.

या वेळेला सगळीकडे विचारणा एकच असते, "आज भाजी काय?" मला वाटतं, आधी पीठ ठरवावं. बाजरी असेल तर तिला दाट, तेलतुपाची, थोडी गोडसर भाजी लागते. ज्वारीला पिठलं किंवा पातळ रस्सा चालतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीला भरीतच. गव्हाच्या पोळीबरोबर काहीही खपतं, म्हणून पोळीच्या दिवशी भाजी ठरवायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

भोगीच्या भाजीत काय काय घालायचं ते सगळ्यांना पाठ असतं, गोंधळ होतो तो क्रमात. पाच-सहा माणसांना पाऊण किलो भाजी पुरते: पाव किलो लहान काटेरी वांगी, दोन गाजरं, घेवड्याच्या शेंगा, सोलाणे (ओले हरभरे), वाटाणे आणि पावट्याचे दाणे मूठमूठ, थोडे ओले शेंगदाणे, सात-आठ बोरं. फोडणीत आधी सगळे दाणे आणि शेंगा घालायच्या, अर्धी वाटी गरम पाणी, झाकण ठेवून आठ मिनिटं. मग गाजर, त्यानंतर पाच मिनिटांनी वांगी. बोरं शेवटी, तीही प्रत्येक बोर चिरून, किडकं नाही ना ते बघून. वांगी सुरुवातीलाच पडली तर दाणे शिजेपर्यंत त्यांचा लगदा होतो आणि भाजीला काळपट रंग येतो. तिळाचं कूट चार चमचे आणि दाण्याचं चार चमचे, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी. लवकर घातलं तर कूट तळाशी बसून करपतं आणि करपलेल्या तिळाचा कडूपणा गुळाने झाकला जात नाही. तीळ मंद आचेवर तडतडायला लागले की लगेच ताटात काढायचे. गरम कढईत राहिले तर उतरवल्यावरही भाजत राहतात.

आता भाकरी. बाजरीत तेलाचा अंश ज्वारीपेक्षा जास्त, म्हणून दळल्यावर पीठ लवकर खवट होतं. थंडीत दहा-बारा दिवस, उन्हाळ्यात आठवडाभर, याहून जास्त ठेवू नये. जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि थापताना कडा फुटतात. अशा वेळी उकळतं पाणी घालून उकड काढली तर थोडं सावरतं, पण खवटपणा तसाच राहतो.

बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तो गरम पाण्याने आणि मळण्याने आणावा लागतो. एका मोठ्या भाकरीला १०० ग्रॅम पीठ आणि साधारण ८० मिलि गरम पाणी, तेही हात राखून. सगळं पीठ एकदम भिजवू नये. एका भाकरीपुरतं घ्यावं, तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडावं, लगेच थापावं. मळलेला गोळा पडून राहिला की सैल होतो आणि मग वरून पीठ लावत बसावं लागतं.

तीळ वाहून जातात अशी तक्रार दर भोगीला ऐकू येते. तीळ थापलेल्या वरच्या बाजूला लावायचे, ओल्या हाताने दाबायचे आणि तीच बाजू तव्यावर टाकायची. पाणी फिरवायचं ते पिठाच्या बाजूला, म्हणजे पाणी फिरवताना तीळ वाहून जात नाहीत. पाणी सुकत आलं, पण अजून ओलसर चमक आहे, तेव्हा उलटायचं. पूर्ण सुकलं तर भेगा पडतात, फार ओलं असताना उलटलं तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू नीट भाजून झाली की तिळाची बाजू आचेवर, गॅस बारीक करून. इथे घाई केली तर तीळ जळतात आणि पापुद्रा सुटत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

गोदावरीकाठी गंगाघाटावर बुधवारचा बाजार. भरताची वांगी ढिगाने आली होती.

सिडको, सातपूर, अंबड या बाजूला खानदेशातून आलेली घरं पुष्कळ. कारखान्यांमागे माणसं आली आणि त्यांच्याबरोबर भरीत, शेवभाजी, बट्टी नाशिकच्या रात्रीच्या जेवणात येऊन बसली. आता ते परकं वाटत नाही.

भरताचं वांगं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागणारं असावं. जड वांग्यात बिया जास्त. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय ते याच गुणामुळे, गर जास्त आणि बिया कमी. जांभळं मोठं वांगं चालतं, पण त्याचं भरीत गोडसर होतं, मिरची वाढवावी लागते.

एक किलो वांग्यांना तेलाचा हात लावून प्रत्येकाला दोन उभ्या चिरा द्याव्यात. चीर नसेल तर वांगं आचेवर फुटतं, आणि आत अळी असेल तर चिरेतूनच दिसते. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तो धुराचा वास गॅसवर पूर्ण येत नाही. तरी थेट ज्योतीवर, जाळीशिवाय, देठाकडची बाजूही फिरवून भाजलं तर बराचसा येतो. देठाजवळ सुरी सहज शिरली की झालं. तिथे कच्चं राहिलं तर भरतात करकरीत तुकडे लागतात.

सोलल्यावर दहा मिनिटं चाळणीत ठेवायचं. ही पायरी गाळली की भरताला पाणी सुटतं आणि तेल वेगळं तरंगतं. सोलताना वांगी पाण्याखाली धरू नयेत, भाजल्याचा वास सगळा धुऊन जातो. काळे कण बोटाने काढावेत, दोन-चार राहिले तर राहू द्यावेत.

दहा-बारा हिरव्या मिरच्या (पोपटी, कमी तिखट) आणि पंधरा लसणाच्या पाकळ्या तेलात परतून मिठाबरोबर ठेचायच्या. मग वांगं त्यातच लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सर नको, बिया फुटून कडवटपणा येतो आणि गराचे धागे जाऊन चटणी होते. चार मोठे चमचे तेलात मूठभर शेंगदाणे तळायचे, त्यात एक जुडी कांद्याची पात बारीक चिरून, फक्त दोन मिनिटं. वर ठेचलेलं वांगं, कोथिंबीर. हळदीची गरज नाही.

कळण्याच्या पिठासाठी ज्वारी चार भाग, अख्खे काळे उडीद एक भाग, थोडं खडा मीठ, एकत्र दळून. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून थापायला हे पीठ बाजरीपेक्षा सोपं. ज्यांना भाकरी जमत नाही त्यांनी हात इथे बसवावा.

१६ जानेवारी

घोटीकडचा इंद्रायणी, लसणाचं वरण, पापड. नवा तांदूळ असल्यामुळे एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी पुरलं. जुन्याला दोन, सव्वादोन लागतं.

१९ जानेवारी, रविवार

शेवभाजी. या भाजीचा जीव वाटणात आहे आणि वाटणाचा कांद्यात, म्हणून कांद्याबद्दल आधी लिहायला हवं.

लासलगाव इतकं जवळ असून आपण "कांदा" एकच समजतो. सध्या बाजारात आहे तो लाल, खरिपाचा, आणि त्यामागून येऊ घातलेला रांगडा. दोन्हींत पाणी जास्त. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत साठवतात आणि दिवाळीपर्यंत खातात. तो घट्ट, कोरडा. वाटणासाठी उन्हाळ कांदा उत्तम, लवकर लाल होतो. लाल कांदा घेतला तर तो आधी वाफाळतो, मग गळतो आणि रंग यायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आच वाढवली तर कडा करपतात आणि आत कच्चं राहतं. जानेवारीत केलेला रस्सा उग्र, कच्चट लागतो तो बहुतेक वेळा यामुळेच. उपाय एकच: उभा पातळ चिरावा, कढईत पसरून चिमूटभर मीठ टाकावं, आधी पाणी उडू द्यावं, तेल त्यानंतर.

चार माणसांना तीन मध्यम कांदे, ५० ग्रॅम सुकं खोबरं, दहा-बारा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर देठांसकट. खोबरं वेगळं भाजायचं, बदामी रंगावर थांबायचं. कांद्याबरोबर भाजलं तर एक कच्चं किंवा दुसरं काळं, ठरलेलं. वाटण आधी कोरडं फिरवावं, मग थोड्या पाण्याने अगदी मऊ. भरड राहिलं तर खोबरं तळाशी बसतं आणि वर नुसतं तिखट पाणी.

तेल पाच-सहा मोठे चमचे, कमी नको. वाटण आठ-दहा मिनिटं परतायचं, कडेने तेल सुटून ते गोळा होऊन फिरायला लागेपर्यंत. मग आच बारीक करून काळा मसाला दोन चमचे, लाल तिखट दीड चमचा. मोठ्या आचेवर तिखट टाकलं की क्षणात जळतं. लगेच चार वाट्या पाणी, उकळतं. गार पाणी ओतलं की तेल दबतं आणि तर्री वर येत नाही. दहा मिनिटं मंद उकळी, मीठ जपून, कारण शेवेतही मीठ असतं.

शेव जाड, तिखट, खास भाजीची घ्यावी, १५० ग्रॅम. फरसाणातली बारीक शेव दोन मिनिटांत विरघळते. जाड शेवही पातेल्यात घालून ठेवायची नाही. ताटात शेव, वर उकळता रस्सा. जेवायला बसायला वेळ असेल तर रस्सा तसाच झाकून ठेवावा. आधी घातलेली शेव रस्सा पिऊन टाकते आणि पातेल्यात पिठल्यासारखं काहीतरी उरतं.

बरोबर ज्वारीची भाकरी चालेल, बाजरी नको. दोन्ही जड.

२१ जानेवारी

हुलग्याचं पीठ दोन वाट्या शिल्लक होतं, म्हणून शेंगोळे. थंडीत रात्री एवढं एक केलं की पुरतं, भाकरी-भात काही लागत नाही.

दोन वाट्या हुलग्याच्या पिठाला अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण दोन चमचे, हळद, मीठ, एक चमचा तेल. घट्ट मळायचं, सैल पीठ उकळीत तुटतं. तेलाच्या हाताने करंगळीएवढ्या वळ्या करून टोकं जुळवायची. फोडणीत ठेचलेला लसूण लाल होऊ द्यायचा, सहा वाट्या पाणी, खळखळून उकळी. आधी एकच शेंगोळा टाकून बघावा. फुटला तर पिठात ज्वारी थोडी वाढवावी. टिकला तर एकेक करून सगळे टाकावेत, आणि पहिली पाच मिनिटं डाव अजिबात लावू नये. वीस मिनिटांत शिजतात. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस दाट होतो.

२५ जानेवारी, एकादशी

पौष वद्य एकादशी, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा. त्र्यंबक रस्त्यावर दिंड्या आहेत आणि घरोघरी भगर-आमटी.

पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवर वरई होते, तिचीच ही भगर. सुटी आणि जुनी भगर घेऊ नये, पीठ तर नाहीच. ओलसर जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते, ती डोळ्यांना लगेच दिसत नाही आणि उपवासाच्या दिवशी विषबाधा होते ती यातून. बंद पाकीट घ्यावं, तारीख बघावी, निवडून तीन पाण्यांनी धुवावं.

धुतलेली भगर निथळून कोरड्या कढईत हलकी भाजायची. एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, तुपात जिरं आणि मिरची, मीठ. पाणी गार असलं तर गुठळ्या होतात. झाकून मंद आचेवर दहा मिनिटं.

आमटीला एक वाटी भाजलेले, सोललेले दाणे, दोन मिरच्या, जिरं, पाणी घालून गंधासारखं वाटायचं. पाच वाट्या पाणी, तीन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. उकळी फुटेपर्यंत हलवत राहायचं, नाहीतर दाण्याचा चोथा खाली आणि पाणी वर. वाटते त्यापेक्षा पातळ ठेवावी. जेवायला बसेपर्यंत दाणे पाणी ओढून घेतात.

२६ जानेवारी, रविवार

उपवास सुटल्यावर बट्टी. जाडसर दळलेला गहू चार वाट्या, मक्याचं रवाळ पीठ एक वाटी, तेलाचं मोहन अर्धी वाटी, ओवा, हळद, मीठ. मका नसेल तर बट्टी चिवट होते. घट्ट मळून वीस मिनिटं झाकून ठेवायचं, लांबट गोळे करून पंचवीस मिनिटं वाफवायचे. सुरी कोरडी बाहेर आली की झालं. पूर्ण गार झाल्यावरच कापावेत. गरम कापले तर भुगा होतो आणि तळताना तेल पितात. मध्यम आचेवर बदामी तळायचे.

तुरीचं पातळ वरण, वांगी-मिरची-लसूण एकत्र शिजवून घोटलेली भाजी, आणि कुस्करलेल्या बट्टीवर साजूक तूप. वांगी पूर्ण शिजल्याशिवाय घोटू नयेत, साल वेगळी तरंगते.

भोगीला दळलेली बाजरी संपली. उद्या ज्वारी दळायला टाकायची, म्हणजे रात्री ताज्या पिठाची भाकरी आणि तिच्याबरोबर पिठलं, थोडं सैल.