किल्ली कोणाकडे द्यायची

दुपारी तीनच्या सुमारास आमची पीस लिली मरते. रोज मरते. पानं कुंडीच्या काठावरून अशी लोंबतात की नवख्या माणसानं घाबरून तांब्या घेऊन धावावं. साडेपाचला ऊन गॅलरीतून उतरलं की बाई हळूहळू उठून बसतात. मधल्या वेळात कुणी थेंबभर पाणी घातलेलं नसतं. पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना वर पोचवता येत नाही, म्हणून माती ओली असतानाही ती मान टाकते. कुंडीत बोट खुपसून बघावं, दुसऱ्या पेरापर्यंत गार लागलं तर गप्प आत येऊन बसावं.

समोरच्या भाभींना हे जमत नाही. आणि मे महिन्यात आम्ही पुण्याला लग्नाला जाणार, म्हणजे किल्ली भाभींकडेच.

भाभी मनानं फार चांगल्या. "आप तो बेफिकर जाओ, मैं हूँ ना!" अडचण त्यांच्या मायेचीच आहे. मान टाकलेलं झाड त्यांना बघवत नाही. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी देवळात जाता जाता आणखी थोडं. उन्हाळ्यात झाडं वाळून मरतात असा सगळ्यांचा समज. आमच्याकडे सुट्टीत जी गेली ती कुजून गेली. बशीत पाणी तुंबलेलं, मुळांना हवा नाही, आणि पानं पिवळी दिसली की पुन्हा वरून पाणी. त्यामुळे मी आता निघायच्या आदल्या रात्री स्नेक प्लांट आणि झेडझेड उचलून मागच्या न्हाणीघरात ठेवते आणि दार ओढून घेते. वरच्या झरोक्यातून येतो तेवढा उजेड त्यांना पुरतो. झेडझेडच्या पोटात पाण्याचे कंदच असतात, महिनाभर कुणी विचारलं नाही तरी त्याचं अडत नाही. भाभींनी एकदा विचारलं, "वो दो गमले कहाँ गए?" मी म्हटलं, दिले कुणाला तरी. खोटं बोलण्यात मला काही गैर वाटत नाही.

मुलगा म्हणतो, टायमरवालं ड्रिप मागव, नळाला लावून टाक. नळ चालू ठेवून घराला कुलूप लावायची माझी छाती नाही. इंदूरात वाढलेल्या माणसाला ते जमणारच नाही. आमच्याकडे पाणी दोन जातींचं, नर्मदा आणि बोरिंग. नर्मदा एक दिवसाआड यायची. "नर्मदा आली!" अशी हाक उठली की वाड्यातलं रिकामं भांडं शिल्लक राहायचं नाही. पाणी जलूदहून पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून, विंध्य चढवून, 70 किलोमीटरवरून आणलेलं. त्यासाठी 1970 मध्ये शहरानं आंदोलन केलं आणि 1978 मध्ये ते घरात आलं, हे आजी सणावाराच्या तारखांसारखं सांगायची. एकदा मी नर्मदेची बादली क्रोटनला घातली. आजी ओसरीवरून म्हणाली, "अगं, तिला एवढा डोंगर चढवून आणली ती याच्या पायावर ओतायला?" झाडांना बोरिंग, नाहीतर तांदळाचं धुवण. बोरिंगच्या पाण्यानं कुंड्यांवर पांढरे क्षार चढायचे, ते नखानं खरवडून काढणं हा आमचा दुपारचा उद्योग. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुणी झाडांना घालायचं नाही. पाणी उडून जातं, क्षार तळाशी राहतात, आणि ते झाडाला सोसत नाहीत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षारच नसतात. पण तेव्हा एसी कुणाकडे होता?

तुळशीचा थाट वेगळा. तिला वैशाखात गळती लागायची. गळती बांधणं हे मुलांचं काम आणि त्यात माझा हात बसलेला होता. मडक्याच्या बुडाला भोक पाडायचं, त्यातून कापसाची वळलेली वात ओढून घ्यायची, मडकं तिवईवर ठेवून पाणी भरायचं आणि खाली डोकं घालून बघत बसायचं. वात घट्ट झाली तर भोकाशी नुसता ओलावा जमतो, थेंब सुटतच नाही. सैल झाली तर जेवणं होईपर्यंत मडकं रिकामं आणि वृंदावनाखाली चिखल. थेंब लोंबावा, फुगावा, जरा विचार करावा आणि मग पडावा, असं जमलं की आजी "हं" म्हणायची. एवढीच शाबासकी.

उज्जैनला महाकाळाच्या पिंडीवर अशी अकरा मडकी लागतात. ती आमच्याआधी पंधरवडाभर, कारण तिकडचा वैशाख पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपला अमावस्येनंतर. माळव्यातल्या मराठी घराला दोन्ही पंचांगं सांभाळावी लागतात. मी विचारलं होतं, त्याला आधी आणि आपल्या तुळशीला उशिरा का? आजी म्हणाली, "त्याच्या गळ्यात हलाहल आहे, त्याला लवकर उकडतं. हिला काय झालंय?"

तर यंदाही मी गळतीचंच काहीतरी करणार. पायजम्याच्या सुती नाड्या आणल्यात. नाडी सुतीच हवी आणि आधी भिजवून घेतलेली. बादली स्टुलावर, कुंड्या खाली सावलीत एकमेकींना खेटून, नाडीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन बोटं खोल. बादलीवर ताट झाकायचं, नाहीतर परत येऊ तेव्हा डासांचं बिऱ्हाड झालेलं असतं. निघायच्या आधी दोन-तीन दिवस लावून बघायची, म्हणजे बादली किती उतरते ते कळतं. भाभींना सांगायचं, तुम्ही फक्त बादली भरा, कुंडीला हात लावू नका. ऐकणार नाहीत.

सुट्टीत झाडांचं काय करायचं, हा प्रश्न लहानपणी आमच्या घरात कधी निघालाच नाही. परीक्षा संपली की आम्ही सगळे आजोळी, कोणी खंडव्याला, कोणी जळगावला. वाड्यातली निम्मी माणसं कुठे ना कुठे गेलेली असायची. तरी परतल्यावर मोगरा फुललेला, तुळस हिरवीगार, अळूची पानं एवढाली. वाड्याच्या दाराला कडी होती, कुलूप मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे घर कधी बंद नसायचं, हे आम्ही भावंडं अजूनही लग्नाकार्यात मोठ्या अभिमानानं सांगतो.

बंद नसायचं, कारण माईकाकू घरी असायची. काका लवकर गेलेले, मूलबाळ नाही, माहेरी कुणी उरलेलं नाही. तांगा दाराशी लागला की ती डब्यात दशम्या भरून द्यायची आणि पायरीवर उभी राहायची. पुण्याच्या आत्या दरवर्षी म्हणायच्या, "माई, यंदा तू पण चल." दरवर्षी तिचं एकच उत्तर, "मी आले तर झाडांना पाणी कोण घालील?" सगळे हसायचे आणि तांगा सुटायचा.

माईला झाडांचं भारी वेड, असं घरातले सगळे म्हणत. तिनं स्वतः कधी तसं म्हटलेलं मला आठवत नाही.