तुम्ही विचारलंत म्हणून : अमूर्त चित्रात मी काय पाहतो

“आयुष्यभर गोदाघाट जलरंगात रंगवलात, मग त्या अमूर्त चित्रांत तुम्हाला दिसतं तरी काय?” हा प्रश्न नाशिकमध्ये मला चित्रप्रदर्शनात विचारला जातो, तसाच लग्नाच्या पंगतीतही. खरे सांगायचे तर मी तिथे काही ओळखायला जातच नाही. रंग त्या जागी कसा पोहोचला, एवढेच शोधत असतो.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रासमोर हा शोध सर्वांत लांबतो. रोलरने तैलरंगाचे थर द्यायचे आणि पॅलेट नाइफने त्यातला ओला रंग पुन्हा काढून घ्यायचा, अशी त्यांची रीत असल्यामुळे चित्रातला उजेड वरून लावल्यासारखा वाटत नाही, थरांखालून झिरपून आल्यासारखा वाटतो. आम्हा जलरंगवाल्यांना उजेड आधीच राखून ठेवावा लागतो. रामकुंडाच्या पाण्यावरची चमक म्हणजे न रंगवलेला कागद. तो एकदा बुजला की गेला. गमावलेला उजेड परत मिळवता येतो, हे मला गायतोंड्यांनी दाखवले. मी घरी तसे करूनही पाहिले, पण पहिला थर वाळायची वाट न पाहता दुसरा दिला आणि सुरी फिरवताच दोन्ही रंग आषाढातल्या गोदावरीसारखे गढूळ झाले. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे का करीत, ते त्या दुपारी कळले. (‘अमूर्त’ हा शब्द त्यांना स्वतःला मान्य नव्हता, हेही सांगायला हवे.)

नसरीन मोहम्मदी यांच्या प्रगल्भ काळातल्या कामात रंग जवळजवळ नाहीच. पेन्सिल, शाई आणि नकाशे काढणाऱ्याची उपकरणे. लांबून ते वहीच्या आखीव पानासारखे दिसते, परंतु जवळ गेल्यावर रेघांमधली अंतरे हलकेच बदलत जातात आणि आपला श्वासही त्या चालीने चालू लागतो. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारा गोल, मला त्या मानाने लवकर उमगतो, आणि म्हणूनच लवकर संपतो.

जॅक्सन पोलॉक मात्र अजून पचलेले नाहीत. कॅनव्हास जमिनीवर अंथरून वरून रंग ओघळवण्याची त्यांची पद्धत मला समजते, पण भिडत नाही. अर्थात, त्यांचे १९५० मधले ‘ऑटम ऱ्हिदम’ पाच मीटरहून अधिक रुंद आहे आणि मी ते पुस्तकात वीतभर छपाईत पाहिले आहे, तेव्हा माझ्या या नावडीला फार वजन देऊ नका.