एकोणतीसचा पाढा

सकाळचे दहा चाळीस. सगळ्यात आधी मी ही वेळ स्वतःच्या मनगटावर पेनाने लिहिली, मग गुडघे टेकून तिच्या पायाशी बसले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं सिडनीत. आठवडाभर दवाखाना असतो आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार डोंगरवाटांवर धावणाऱ्यांच्या एका छोट्या गटाबरोबर जाते, प्रथमोपचाराची जबाबदारी घेऊन. काम स्वीपचं, म्हणजे सगळ्यात शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं. कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाच्या पोटरीत गोळा येतो, कुणाचं नख निघतं. त्या ऑक्टोबरच्या शनिवारपर्यंत माझ्या पिशवीतल्या दाबपट्ट्या मी सरावापलीकडे कधी उघडल्या नव्हत्या.

जागा होती सिडनीच्या दक्षिणेचं रॉयल नॅशनल पार्क. १८७९ सालचं हे उद्यान अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या मागोमाग जगात दुसरं मानलं जातं. त्याच्या समुद्राकडच्या कडेने बंडीना ते ऑटफर्ड अशी २६ किलोमीटरची पायवाट जाते. डाव्या हाताला पांढऱ्या-पिवळ्या वालुकाश्माचे कडे थेट पाण्यात उतरतात, उजव्या हाताला गुडघाभर झुडपांचा माळ. ऑक्टोबर म्हणजे इकडचा वसंत. माळावर जिमिया लिलीचे माणसापेक्षा उंच दांडे निघालेले असतात, टोकाला लालभडक फूल. दूर समुद्रात कुबड्या देवमासे पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतत असतात. आणि थंडीत गारठून पडून राहिलेले साप ऊन खायला बाहेर येतात.

गटात दोन तुकड्या होत्या. धावणारे क्रोनल्लाहून फेरीने बंडीनाला उतरून गॅरीच्या किनाऱ्यापर्यंत पळणार होते. चालणारे गाडीने वाटामोला गाठून तिथून पायी निघणार होते. चालणाऱ्यांत एक काका होते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक, तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. लेक धावणाऱ्यांत. वय अडतीस, पाय असे की बघत राहावं. ईगल रॉकच्या अलीकडे तिने वडिलांना गाठलं आणि घड्याळ बंद करून त्यांच्याबरोबर चालू लागली. मी दोघांच्या मागे वीसेक पावलांवर होते.

तिथे माळावरून जाळीची उंच पायवाट केली आहे, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. समोरून चार-पाच जण आले. त्यांना वाट द्यायला ती खाली गवतात उतरली, आणि पुढच्याच क्षणी "आई गं" म्हणून परत वर आली.

"काटा लागला बहुतेक," ती म्हणाली.

काटा नव्हता. जाळीखाली सरकत जाणारी काळी, तुकतुकीत शेपटी मी पाहिली. कडेला लालसर रंग दिसल्यासारखा वाटला. लाल पोटाचा काळा साप इथे पाण्याजवळ बराच आढळतो आणि त्याच्या चाव्याने माणूस दगावणं फार दुर्मीळ. पण त्याच माळावर तपकिरी साप असतो, टायगर स्नेकही असतो, आणि अर्ध्या सेकंदात पाहिलेल्या शेपटीवर कुणाचा जीव टांगायचा नसतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, मोज्याच्या काठाच्या जरा वर, दोन बारीक टोचे होते. एकावर रक्ताचा मोहरीएवढा थेंब.

काका माझ्या आधी तिच्यापाशी पोचले होते. खिशातला रुमाल काढून त्यांनी पोटरीला पहिला वेढा घातलाही होता. दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली उघडत म्हणाले, "आधी धुवायला हवं. आणि तो कुठे गेला बघा, माझी काठी द्या इकडे."

मी त्यांचा हात धरला. "काका, आवळू नका. धुऊही नका. सापाच्या मागे कुणी जायचं नाही."

"पोरी, मी कोकणातला आहे. फुरसं चावलेली माणसं मी उचलून नेली आहेत. साप मला सांगू नकोस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हात थरथरत होते. मी म्हटलं, "काका, तुम्हाला फुरसं माहीत आहे. हा साप वेगळा आहे. दहा मिनिटं माझं ऐका, मग हवं ते बोला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि रुमाल सोडला.

तिला होती तिथेच जाळीवर आडवं केलं. लेस कापून बूट अलगद काढला. पहिली पट्टी थेट चाव्यावर. या पट्ट्यांवर ओळीने आयत छापलेले असतात. पट्टी योग्य ताणली की प्रत्येक आयताचा चौरस होतो. कमी ताणली तर तो आयतच राहतो, जास्त ताणली तर दुसऱ्या बाजूने लांबट होतो. मी माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त त्या चौकटींकडे बघत होते. दुसरी पट्टी पायाच्या बोटांपासून वर थेट जांघेपर्यंत, बोटांची टोकं तेवढी उघडी, रक्त पोचतंय का ते पाहायला. चाव्याच्या जागेवर पट्टीवरच पेनाने फुली आणि वेळ. पाय वाकू नये म्हणून बाहेरून आधार बांधायचा होता, तेव्हा काकांनी काही न बोलता आपली काठी पुढे केली. सापाला मारायला मागितलेली.

माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या बायकांचा हात सुजतो, त्यांच्या हातातली लसीका (लिम्फ, म्हणजे शरीरात झिरपत वाहणारा पाण्यासारखा द्रव) पुढे सरकावी म्हणून मी बोटांच्या टोकांनी, अगदी पिसासारखा हलका मसाज करते. लसीकेला हृदयासारखा पंप नसतो. स्नायू हलले की ती ढकलली जाते. ऑस्ट्रेलियातल्या सापांचं विष बहुतांशी याच लसीकेच्या वाटेने शरीरात चढतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रुअन सदरलंड या इथल्या डॉक्टरांनी हे प्रयोगांतून दाखवलं, आणि मुरगळलेल्या घोट्याला बांधतात तशी पट्टी व हालचाल पूर्ण बंद, हा उपचार रूढ झाला. मी आयुष्यभर जी लसीका हलावी म्हणून झटते, ती त्या दिवशी मला थांबवायची होती. आणि समोर होती थेट बंडीनाहून पळत आलेली, नाडी अजून धडधडणारी बाई.

न धुण्याचंही कारण आहे. कातडीवर राहिलेल्या विषावरून इस्पितळात कधीकधी सापाचा प्रकार ओळखायला मदत होते.

उद्यानात मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. माझ्या फोनवरून ०००ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, लागलेला फोन दोनदा तुटला, तिसऱ्यांदा ठिकाणाचे आकडे सांगून झाले. तरीही एका मुलाला वाटामोलाकडे पळवलं, न जाणो. मग वाट पाहणं सुरू झालं. हेलिकॉप्टर यायला तास लागला असेल.

त्या तासात तिला सगळ्यात जड गेलं ते न हलणं. तिला उठून बसायचं होतं, पाय बघायचा होता, नवऱ्याला फोन करायचा होता. भीतीने श्वास वर चढत होता. मी बोलत होते, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा काका तिच्या डोक्याशी मांडी घालून बसले, तिच्या कपाळावर तळवा ठेवला आणि वर्गात म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "एकोणतीसचा पाढा. म्हण."

"बाबा, आत्ता?"

"आत्ताच. एकोणतीस एके एकोणतीस."

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"एकोणतीस त्रिक?"

"सत्त्याऐंशी."

"एकोणतीस चोक सोळोदरसे," दोघं एकदम म्हणाले, आणि ती हसली. लहानपणी ती इथेच अडायची म्हणे. मी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत होते. दुसऱ्या फेरीला ती शंभराच्या खाली आली. मग एकोणीस, मग सतरा, मग पुन्हा एकोणतीस. समोर समुद्रात एका देवमाशाने फवारा उडवला. दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

हेलिकॉप्टर माळावर घिरटी घालून थांबलं, तारेवरून पॅरामेडिक उतरली. तिने पट्टी वरून खालून पाहिली, मनगटावरची आणि पट्टीवरची वेळ टिपून घेतली, पट्टीला हात लावला नाही. स्ट्रेचर वर गेलं. काकांना बरोबर नेता येणार नव्हतं. वाऱ्याने उडणारी टोपी एका हाताने धरून, दुसऱ्या हातात लेकीचा कापलेल्या लेसचा बूट घेऊन ते वर बघत उभे राहिले.

आम्ही दोघं वाटामोलाला चालत परतलो, चार किलोमीटर. ते काठीशिवाय चालत होते, काठी तिच्या पायाबरोबर गेली होती. वाटेत एवढंच बोलले, "मी आवळला असता."

इस्पितळात पट्टी लगेच सोडत नाहीत. प्रतिविष हाताशी ठेवून, रक्त तपासून मगच सोडतात. सोडल्यावर तासाभराने पुन्हा रक्त, मग चावल्यापासून सहा तासांनी, बारा तासांनी. रक्त गोठतंय ना, स्नायूंना इजा नाही ना, पापण्या जड होत नाहीत ना. तिचे सगळे अहवाल चांगले येत गेले. साप चावला होता, पण विष सोडलं नव्हतं. असे कोरडे चावे पुष्कळ असतात. जागेवर मात्र ते कुणालाही कळत नाही.

संध्याकाळी बाहेरच्या बाकावर काकांना मी चहा आणून दिला. त्यांनी विचारलं, "त्या पट्ट्या कुठे मिळतात? दोन-चार गावाला नेतो. शाळेत दाखवीन."

मला नाही म्हणावं लागलं. फुरसं आणि घोणस यांचं विष चावल्या जागीच मांस कुजवतं. तिथे ते दाबून, कोंडून ठेवलं तर नुकसान वाढू शकतं. आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतलं नेमकं कोण चावलं हे अंधारात कुणाला ओळखू येणार? म्हणून आपल्याकडे सांगतात ते साधं आहे. धीर द्या, मोडलेल्या हाडासारखा पाय आधाराला बांधून स्थिर ठेवा, १०८ला फोन करा, शक्य तितक्या लवकर दवाखान्यात न्या. आवळणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. भारतातलं प्रतिविष या चारही सापांवर चालतं, साप मारून न्यायची गरज नसते. "तुमची काठी आणि पंचा पुरे आहे काका," मी म्हटलं. "ही पट्टी इथेच राहू दे."

बराच वेळ ते कपाकडे बघत राहिले. मग सांगू लागले. धाकट्या भावाला भाताच्या बांधावर फुरसं चावलं तेव्हा हे सोळा वर्षांचे होते. पोटरीला सुतळी आवळली, पाटावर घालून माणसांनी नदी ओलांडली, दवाखाना गाठेस्तोवर चार तास गेले. भाऊ वाचला. पायाची दोन बोटं काढावी लागली. "सगळे म्हणाले, सुतळी बांधली म्हणून जीव राहिला. शाळेतही मी पोरांना तेच शिकवलं. आता तू सांग, ती बोटं विषाने गेली की माझ्या सुतळीने?"

मी म्हटलं, "काका, दोन्ही होऊ शकतं. आज ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही सोळा वर्षांचे होतात."

रविवारी सकाळी तिला घरी सोडलं. माझी तुकडी तोवर गॅरीहून ऑटफर्डकडे निघाली होती. स्वीपला दुसरं कुणीतरी गेलं होतं. मी गाडी घेऊन दाराशी आले तर ती खुर्चीत बसलेली, एका पायात बूट, दुसऱ्यात इस्पितळाची सपात. काका थोडे लांब, भिंतीकडे तोंड करून फोनवर होते. गावाकडे तेव्हा पहाटच असणार.

"माझ्या काकाला उठवलंय बाबांनी," ती हळूच म्हणाली. "पंधरा मिनिटं झाली."

मी गाडी बंद करून थांबले. काका काहीच बोलत नव्हते, नुसते ऐकत होते.